सातवीपर्यंत शिकलेल्या वसंतदादांनी साखरेचं जे गणित मांडलं, त्यावरच आज इथेनॉल चालतंय

2001 सालची गोष्ट. पेट्रोलमध्ये 5 टक्के इथेनॉल मिसळलं तर काय होतं, हे प्रत्यक्ष करून बघायचं केंद्र सरकारनं ठरवलं. त्यासाठी देशात तीन ठिकाणं निवडली. उत्तर प्रदेशातलं बरेली, नाशिक जिल्ह्यातलं मनमाड आणि सांगली जिल्ह्यातलं मिरज.

मिरजेभोवती साखर कारखान्यांचं जाळं आहे. कारखाना म्हटला की मळी आली, मळी म्हटली की अल्कोहोल आलं. आणि सांगलीत हे जाळं विणणाऱ्या माणसाचं गाव मिरज तालुक्यातच, कृष्णेच्या काठावर आहे. गाव पद्माळे आणि माणूस वसंतराव बंडूजी पाटील, म्हणजेच वसंतदादा.

आता दादांनी इथेनॉलचं धोरण आखलं असं कुणी म्हणालं तर ते खोटं. ते 1989 मध्ये गेले, तेव्हा पंपावर इथेनॉल हा शब्दही कुणाला माहीत नव्हता. पण आज इथेनॉलमागे जी रचना दिसते, म्हणजे सरकारचा पैसा, दिल्लीनं ठरवलेला भाव, शेतकऱ्याचा ऊस आणि या तिघांच्या मधे बसलेला पुढारी, ती दादांच्या हयातीतच उभी राहिली. त्यांनी ती फक्त बघितली नाही, हाताने उभी केली.

दादांचा जन्म 13 नोव्हेंबर 1917 चा. वर्षभराचे असतानाच साथीच्या आजारात आई-वडील दोघंही गेले. आजीनं वाढवलं. शिक्षण सातवीपर्यंत. पुढे याच माणसानं राज्यात विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना दार उघडलं, हे लक्षात ठेवा, ते पुढे उपयोगी पडेल.

त्या काळी सांगली हे पटवर्धनांचं संस्थान होतं आणि आजचा सांगली जिल्हा नकाशावर नव्हता. आजूबाजूचा ब्रिटिश मुलूख सातारा जिल्ह्यात मोडायचा. 1942 ला चले जावची हाक आली आणि हा सगळा पट्टा पेटला. नाना पाटलांचं प्रतिसरकार इथलंच. दादाही भूमिगत झाले. तारा तोडणं, रेल्वे अडवणं, हत्यारं मिळवणं असली कामं सुरू झाली. शेवटी ते पकडले गेले आणि सांगलीच्या तुरुंगात आले.

24 जुलै 1943 ला त्यांनी साथीदारांसह तो तुरुंग फोडला. तटावरून खंदकात उड्या टाकल्या. पोलिसांनी पाठलाग केला, गोळीबार झाला. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव शहीद झाले. दादांच्या खांद्यात गोळी घुसली आणि ते परत पकडले गेले. सुटका झाली ती 1946 मध्ये.

ही घटना इथल्या राजकारणात फार मोठी ठरली. पुढे दादांनी शेतकऱ्यांकडे शेअरचे पैसे मागितले, तेव्हा समोरच्याला हा माणूस पैसे घेऊन पळणार नाही याची खात्री होती. सहकारात भांडवल नंतर येतं, आधी पत लागते. ती दादांनी खंदकात उडी मारून कमावली होती.

1949 मध्ये सातारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले. उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. दक्षिण साताऱ्याचं नाव 1960 मध्ये सांगली झालं. 1952 च्या निवडणुकीत दादा सांगलीतून आमदार झाले. तोवर नगर जिल्ह्यात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना सुरू झाला होता. शेतकरी स्वतःच कारखान्याचा मालक होऊ शकतो, हे त्यातून दिसलं. तेच दादांनी सांगलीत आणायचं ठरवलं.

1950 च्या दशकाच्या शेवटी सांगलीत माधवनगर रस्त्यालगत शेतकरी सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं. जवळपास त्याच सुमारास शेजारच्या साताऱ्यात कराड तालुक्यातल्या रेठऱ्याला कृष्णा कारखाना उभा राहत होता. कृष्णाकाठच्या दोन्ही जिल्ह्यांत एकच वारं वाहत होतं.

आता यातला पैसा कुठून आला ते बघा. शेतकऱ्यांनी शेअर घेतले, पण तेवढ्यानं कारखाना होत नाही. राज्य सरकारनं भागभांडवल घातलं. उरलेली रक्कम कर्जाची आणि त्या कर्जाला हमी सरकारची. पुढे महाराष्ट्रात 10:30:60 असं सूत्रच रूढ झालं. म्हणजे शंभर रुपयांच्या कारखान्यात सभासदाचे 10, सरकारचे 30 आणि कर्जाचे 60. शिवाय उसाच्या बिलातून ठेवी म्हणून कपात व्हायची, ती वेगळीच.

थोडक्यात, मालक शेतकरी, पण भांडवलाचा मोठा भाग सरकारचा किंवा सरकारच्या शब्दावर उभा. त्यामुळे मुंबईत कुणाचं वजन आहे आणि दिल्लीतून लायसन्स कोण आणू शकतो, यावर कारखाना ठरायला लागला. ज्याच्याकडे कारखाना त्याच्याकडे तालुका, हे समीकरण इथून सुरू झालं. दादा या समीकरणाचे सगळ्यात यशस्वी खेळाडू होते. त्यांनी याचा वापर करून हजारो कोरडवाहू घरांत रोख पैसा नेला हेही खरं आणि याच वाटेनं पुढे कारखाने म्हणजे घराण्यांची जहागीर झाली हेही खरं. यातलं एक सांगून दुसरं लपवता येत नाही.

सांगलीचा कारखाना वाढत गेला. एकेकाळी आशियातल्या मोठ्या कारखान्यांत त्याचं नाव घेतलं जायचं. जोडीला डिस्टिलरी आली. आणि इथं गोष्ट मळीवर येते.

उसाचा रस आटवून साखर काढली की शेवटी जो काळा, चिकट पाक उरतो ती मळी, म्हणजेच मोलॅसिस. एक टन उसातून साधारण 40 ते 45 किलो मळी निघते. ती आंबवली की अल्कोहोल. तेच अल्कोहोल दारूत जातं, रसायनात जातं आणि पाणी पूर्ण काढून टाकलं की गाडीतही जातं.

गंमत म्हणजे गाडीत घालायची कल्पना आजची नाहीच. स्वातंत्र्यानंतर लगेच, 1948 मध्ये केंद्रानं इंडियन पॉवर अल्कोहोल अॅक्ट केला होता. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळायची तरतूद त्यात होती. पण बाहेरून येणारं तेल स्वस्त होतं, अल्कोहोलची मागणी रसायन उद्योगाकडून होती. कायदा कागदावर राहिला.

1961 मध्ये केंद्रानं मळीवर नियंत्रण आणलं. मळी कुणाला द्यायची आणि काय भावानं द्यायची हे सरकार ठरवणार. भाव इतका कमी की मळी नीट साठवायला टाक्या बांधणंही कारखान्यांना परवडेना. उघड्या खड्ड्यांत मळी पडून राहायची. इकडे अल्कोहोलपासून रसायनं बनवणाऱ्या कंपन्यांना कच्चा माल स्वस्त मिळत होता.

म्हणजे अनुदान तेव्हाही होतं. फक्त ते उलट्या दिशेनं वाहत होतं. ऊस उत्पादक आपल्या मळीचा भाव सोडून देत होता आणि त्याचा फायदा उद्योगाला मिळत होता. सरकारच्या बजेटमध्ये ही रक्कम कुठंच दिसत नव्हती, त्यामुळे तिला कुणी अनुदान म्हणायचंही नाही.

साखरेचंही तसंच. 1967 पासून कारखान्यानं 60 टक्के साखर ठरलेल्या भावानं सरकारला लेव्ही म्हणून द्यायची आणि 40 टक्के खुल्या बाजारात विकायची, अशी पद्धत आली. लेव्हीची साखर रेशनवर जायची. शहरातल्या चहात पडणाऱ्या स्वस्त साखरेचा भार उसाच्या बिलावर यायचा. कारखान्याच्या हाती उरलेली 40 टक्के साखर आणि डिस्टिलरी, एवढ्यावरच जास्तीचे चार पैसे.

डिस्टिलरीला महाराष्ट्रात आणखी एक अडचण होती, ती दारूबंदीची. 1949 च्या कायद्यानं राज्यात दारूबंदी होती. 1960 च्या दशकात ती सैल होत गेली आणि 1970 च्या दशकात परवान्याच्या देशी दारूला वाट मिळाली. कारखान्यांच्या अल्कोहोलला मोठं गिऱ्हाईक मिळालं आणि राज्याच्या तिजोरीला उत्पादन शुल्क. गांधींच्या नावानं तुरुंगात गेलेल्या पिढीनं उभ्या केलेल्या कारखान्यांत देशी दारू बनायला लागली. यावर त्या काळात वाद झाले, पण तिजोरीचा आणि कारखान्याचा हिशेब जिंकला.

या सगळ्या काळात दादांचं वजन वाढत होतं. 1967 ला पद्मभूषण मिळालं. प्रदेश काँग्रेसचं अध्यक्षपद आलं. 1972 मध्ये वसंतराव नाईकांच्या मंत्रिमंडळात ते पाटबंधारे मंत्री झाले. हे खातं त्यांच्याकडे येण्याला अर्थ होता, कारण उसाचं सगळं गणित पाण्यावर आहे. कृष्णा-वारणा काठ हिरवा आणि त्याच जिल्ह्यातले जत, आटपाडी, कवठेमहांकाळ तालुके टँकरवर, ही सांगलीची दोन तोंडं दादांना चांगली ठाऊक होती.

1975 मध्ये पुण्याजवळ मांजरीला साखर कारखान्यांनी मिळून डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट काढली. उसाच्या जाती, कारखान्याची यंत्रणा, अल्कोहोलचं तंत्र या सगळ्यावर संशोधन करणारी संस्था. तिच्यामागे दादांचा मोठा हात. सरकारी विद्यापीठावर अवलंबून न राहता कारखान्यांनी स्वतःच्या पैशांनी संशोधन करावं, ही दूरदृष्टी सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाची. त्यांच्या निधनानंतर याच संस्थेला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं. आज कारखान्यांना इथेनॉल प्रकल्पात तांत्रिक सल्ला लागला की हीच संस्था आठवते.

योगायोग बघा. त्याच 1975 मध्ये ब्राझीलनं प्रोअल्कोहोल नावाचा कार्यक्रम सुरू केला. तेलाच्या किमती भडकल्या होत्या, साखरेचे भाव पडत होते. ब्राझीलनं साखर कारखान्यांना स्वस्त कर्ज दिलं, अल्कोहोलचा भाव बांधून दिला आणि गाड्या अल्कोहोलवर चालवायला घेतल्या. भारताकडे ऊस होता, मळी होती, 1948 चा कायदासुद्धा होता. पण ती मळी दारू आणि रसायनांकडेच जात राहिली.

याची किंमत लवकरच कळली. आणीबाणीच्या काळात दादा शंकरराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि राजकारण सोडतोय म्हणून सांगलीला आले. पण 1977 मध्ये काँग्रेसची धूळधाण उडाली आणि पक्षाला त्यांची आठवण झाली. ते मुख्यमंत्री झाले. 1977-78 च्या हंगामात देशात सुमारे 65 लाख टन साखर झाली, तेव्हाचा विक्रम. जुलै 1978 मध्ये शरद पवारांनी आमदार फोडून दादांचं सरकार पाडलं. पुढच्याच महिन्यात केंद्रातल्या जनता सरकारनं साखरेवरचं नियंत्रण पूर्ण उठवलं आणि भाव कोसळले. सव्वा वर्षात नियंत्रण परत आणावं लागलं.

पवारांनी खंजीर खुपसल्याची चर्चा आजही होते. साखरेच्या त्या कोसळण्याची मात्र होत नाही. खरं तर उसाच्या पट्ट्यासाठी ते जास्त महत्त्वाचं होतं. जास्तीची साखर झाली की ती वळवायला दुसरा रस्ता नाही, हे तेव्हा स्पष्ट झालं. इथेनॉल हा तोच रस्ता आहे. तो उघडायला आणखी चाळीस वर्षं गेली.

दादा 1980 मध्ये सांगलीतून खासदार झाले आणि फेब्रुवारी 1983 मध्ये पुन्हा मुख्यमंत्री. याच कारकिर्दीत त्यांनी विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांचा निर्णय घेतला. अनेक कारखानदारांनी कॉलेजं काढली. कारखान्याचं मॉडेल शिक्षणात गेलं असं म्हणता येईल, फक्त इथं शेअरऐवजी फी होती.

पाणी अडवा, पाणी जिरवा ही मोहीम त्यांच्याच नावाशी जोडलेली आहे. ताकारी-म्हैसाळ उपसा योजनेला मंजुरी मिळाली तीही याच काळात, 1984 मध्ये. दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचं पाणी उचलून द्यायची योजना. पाणी आलं, आणि जिथं पाणी आलं तिथं ऊसही आला.

1984 चाच आणखी एक निर्णय कमी लोकांना आठवतो. राज्य सरकारनं झोनबंदीचा आदेश काढला. प्रत्येक कारखान्याला क्षेत्र ठरवून दिलं आणि शेतकऱ्यानं ऊस आपल्याच झोनमधल्या कारखान्याला घालायचा. युक्तिवाद असा की कारखान्यात सरकारचं भांडवल आहे, बँकांचं कर्ज आहे, ऊस पळवला गेला तर हे सगळं बुडेल. युक्तिवादात तथ्य होतं. पण ज्या सभासदाला कारखान्याचा मालक म्हणायचं त्यालाच शेजारच्या कारखान्यात चार पैसे जास्त मिळत असले तरी तिकडे जाता येत नव्हतं. संस्था वाचवायची की शेतकऱ्याला मोकळं सोडायचं, या प्रश्नावर दादांच्या सरकारनं संस्थेची बाजू घेतली. झोनबंदी उठली ती 1997 मध्ये.

जून 1985 मध्ये दादांनी मुख्यमंत्रिपद सोडलं. प्रदेशाध्यक्षपदी प्रभा राव यांची झालेली नेमणूक त्यांना मान्य नव्हती. राजीव गांधींनी त्यांना राजस्थानचं राज्यपाल केलं, पण तिथं त्यांचं मन रमलं नाही. 1987 मध्ये ते राजीनामा देऊन परत आले. 1 मार्च 1989 ला मुंबईत त्यांचं निधन झालं. सांगलीत कृष्णाकाठी त्यांची समाधी आहे.

त्यानंतर चारच वर्षांत, 1993 मध्ये मळीवरचं नियंत्रण उठलं. 2000 मध्ये 1948 चा तो पॉवर अल्कोहोल कायदा जुना झाला म्हणून संसदेनं रद्द केला. आणि पुढच्याच वर्षी मिरजेत पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचा प्रयोग सुरू झाला. सरकारी कारभाराचा हा नमुना जपून ठेवण्यासारखा आहे.

2003 मध्ये 9 राज्यांत 5 टक्के मिश्रण सुरू झालं, पण भावावरून कारखाने आणि तेल कंपन्यांचं जमेना. 2013-14 मध्ये मिश्रण जेमतेम दीड टक्का होतं. मग सरकारनं इथेनॉलचा भाव स्वतः ठरवायला घेतला. 2018 मध्ये जैवइंधन धोरण आलं, जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला आणि डिस्टिलरीच्या कर्जावर व्याज सवलत सुरू झाली. 6 टक्के किंवा बँकेच्या व्याजाचा निम्मा भाग, यातलं जे कमी ते पाच वर्षं केंद्र भरणार. उसाचा थेट रस आणि बी-हेवी मळी, म्हणजे जिच्यात अजून साखर शिल्लक आहे, तिच्यापासूनही इथेनॉल करायला वेगळा भाव मिळाला. 2022-23 मध्ये रसाच्या इथेनॉलला लिटरला 65 रुपये 61 पैसे, बी-हेवीला 60 रुपये 73 पैसे.

अनुदानाची दिशा आता बदलली होती. 1961 मध्ये ऊसवाला उद्योगाला पोसत होता, आता पेट्रोल भरणारा गाडीवाला आणि करदाता कारखान्याला हात देत होते. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे गाडीवाल्याला मायलेजमध्येही थोडा फटका बसतो. आणि नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात उसाच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे 2,860 लिटर पाणी धरलेलं आहे. जतच्या माणसाला हा आकडा सांगून बघा.

किल्ली मात्र दिल्लीकडेच राहिली, दादांच्या काळासारखीच. 7 डिसेंबर 2023 ला, हंगाम ऐन भरात असताना, साखर कमी पडेल म्हणून केंद्रानं रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. ज्या कारखान्यांनी व्याज सवलतीच्या भरवशावर डिस्टिलरी वाढवल्या होत्या त्यांचे हिशेब एका रात्रीत बिघडले. आठवड्याभरात 17 लाख टन साखर इथेनॉलकडे वळवायची मुभा मिळाली, पुढच्या हंगामात बंदी पूर्ण उठली. दरम्यान उसाची एफआरपी 2022-23 मधल्या टनाला 3,050 वरून 2025-26 मध्ये 3,550 झाली, रसाच्या इथेनॉलचा भाव मात्र 65.61 वरच थांबला. 2025 मध्ये देशानं 20 टक्के मिश्रण गाठलं, पण त्यात मोठा वाटा मका आणि तांदळाचा होता.

यात शेतकऱ्याच्या हाती काय येतं, हा वाद सातारा-सांगलीत दर हंगामाला पेटतो. 2013 च्या राज्याच्या कायद्यानुसार साखर, मळी, बगॅस आणि प्रेसमडच्या उत्पन्नातला 70 टक्के वाटा उसाला, किंवा नुसत्या साखरेतला 75 टक्के. पण मळीपुढे जाऊन जे इथेनॉल बनतं त्याचा नफा या हिशेबात कुठं धरायचा, यावर कारखानदार आणि संघटना अजून भांडतायत.

दादांच्या स्वतःच्या कारखान्याला ही इथेनॉलची चांगली वर्षं सहकारी म्हणून बघायला मिळाली नाहीत. कर्ज थकत गेलं. 2017 मध्ये, म्हणजे जैवइंधन धोरणाच्या बरोबर एक वर्ष आधी, जिल्हा बँकेनं थकबाकीपोटी तो एका खासगी कंपनीला भाड्यानं दिला. तोवर कारखान्याच्या नावात वसंतदादांचं नाव लागून बरीच वर्षं झाली होती. गाळप सुरू झालं, सभासदांचा ऊसही जायला लागला, फक्त आता बिल भाडेकरू काढतो.